दुसऱ्या घरातला ओ

अण्णा, डाव अर्धा टाकून उठायचं नाही, हा नियम तुमचाच होता. गॅसवर दूध उतू चाललं असलं तरी "आधी शब्द फोड, मग दूध बघ" म्हणायचे तुम्ही. आणि स्वतः काय केलंत? पाच घरं आखलीत, एक भरू दिलंत आणि निघून गेलात. महिना व्हायला आला. लोक येतात, तुमच्या फोटोकडं बघून डोळे पुसतात, "सोन्यासारखा माणूस" म्हणतात. मी मान हलवते. मनात म्हणते, सोन्यासारखा व्हय, पण डाव टाकून गेला.

सून सासऱ्याला असं बोलत नसते, मला माहीत आहे. तुम्ही होता तोवर मी कधी आवाज चढवला नाही. आता चढवते. आता तुम्हाला पेपर तोंडासमोर धरून बसता येणार नाही.

मी पाचोडची. लग्न होऊन बीड बायपासजवळच्या तुमच्या बैठ्या घरात आले, तेव्हा आजूबाजूला नुसते प्लॉट आखलेले होते आणि गच्चीवरून थेट डोंगर दिसायचा. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. तुमचे चिरंजीव सकाळी वाळूजला कंपनीत जायचे ते अंधार पडता घरी यायचे. घरात उरायचो तुम्ही नि मी. तुम्ही कचेरीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच रिटायर झालेले, मी डोक्यावरचा पदर सावरत फिरणारी. बोलणार काय? आणि वर दुष्काळ. नळाला पाणी कधी दिवसाआड, कधी चार दिवसांनी, आणि येणार कधी ते कोणालाच ठाऊक नाही. आलं की तासभर, तेवढ्यात हौद, ड्रम, हंडे, कळशा सगळं भरून घ्यायचं. म्हणून कोणीतरी ओट्यावर नळाजवळ बसायचंच, ही आपल्या घराची ड्यूटी. मी बसायचे. आणि थोड्या वेळानं तुम्ही तुमची खुर्ची घेऊन यायचे.

असंच एकदा बसलो असताना तुम्ही खिशातून खडू काढलात आणि फरशीवर पाच चौकोन आखलेत.

"बी.ए. झालीस ना? चल, इंग्रजी शब्द ओळख. पाच अक्षरी."

"मला इंग्रजी येत नाय, अण्णा."

"येत नाही म्हणूनच म्हणतोय. येत असतं तर मी आत जाऊन झोपलो नसतो का?"

सोपा खेळ होता. शब्द तुमच्या मनात. मी पाच अक्षरांचा कुठलाही शब्द टाकायचा. माझं एखादं अक्षर तुमच्या शब्दात त्याच जागी असलं तर तुम्ही म्हणणार "घरात". अक्षर आहे पण जागा चुकली, तर "दारात". शब्दात नाहीच, तर "गावाला". मग त्यावरून पुढचा शब्द, असं करत करत पाचही घरं भरायची. पहिल्या दिवशी माझी सगळी अक्षरं गावाला गेली. तुम्ही हसला नाहीत. आत जाऊन तुमची जुनी डिक्शनरी आणलीत, पुठ्ठा निघालेली, आणि माझ्या मांडीवर ठेवलीत. "ही घे. नळाची वाट बघता बघता एवढी संपव."

मी पहिल्यांदा फोडलेला शब्द फाउंड. एफ, ओ, यू, एन, डी. म्हणजे सापडलं. त्यानंतर मी दरवेळी सुरुवात फाउंडनंच करायची. तुम्ही वैतागायचात. "अगं, दुसरं काही सापडत नाही का तुला?"

अण्णा, एक गोष्ट तुमच्यासमोर कधी बोलले नाही, ती आज सांगते. माझ्या बाबांनी पाचोडला मोसंबीची बाग तोडली, त्या दिवशीची. टँकरचं पाणी घालून घालून थकले आणि मग कुऱ्हाड लावली. शेजाऱ्याच्या फोनवर मला कळलं. मी नळाजवळ बसले होते, डोळ्याला पदर. तुम्ही आलात, खुर्ची टाकलीत. "रडू नको" म्हणाला नाहीत, "असं असतंच" म्हणाला नाहीत. पाच घरं आखलीत आणि म्हणालात, "सांग." मी कसाबसा तोंडातून काढला, नेहमीचाच, फाउंड. तुम्ही एकेका चौकोनावर खडू टेकवत म्हणालात, "घरात. घरात. घरात. घरात. घरात." माझाच शब्द मनात धरून बसला होतात तुम्ही, मी एका फटक्यात जिंकावं म्हणून. मी रडता रडता हसले. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या बापाच्या जागी देवानं दुसरा बाप दिला.

म्हणून तर राग जास्त येतो. तुम्हाला बोलता येत होतं, अण्णा. तोंडानं नाही तर खडूनं येत होतं. नुसतेच मुके असता तर मी सोडून दिलं असतं.

कारण त्याच उन्हाळ्यानंतर फर्दापूरचं आलं. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्या परदेशी लोकांसाठी तिथल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर मुली घेत होते. सहा महिने तिथंच राहून शिकायचं, मग इथं शहरातल्या हॉटेलात बदली. माझी मैत्रीण फॉर्म भरत होती, मीही भरला. मुलाखतीला साहेबांनी इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. पाचोडच्या पोरीनं! ते म्हणाले, कुठल्या शाळेत शिकलात? मी म्हणाले, सासऱ्यांकडं, नळाजवळ. तो माणूस खो खो हसला आणि मला घेतलं.

मी पेढे घेऊन घरी आले. तुमचे चिरंजीव म्हणाले, "अण्णा म्हणतील तसं." तुम्ही पेढा हातात घेतलात, खाल्ला नाहीत. मला वाटलं, लोक काय म्हणतील असं काहीतरी बोलाल. सून हॉटेलात कशी, वगैरे. त्याचं उत्तर मी बसमध्ये पाठ करून आले होते. तुम्ही ते म्हणालाच नाहीत. तुम्ही म्हणालात,

"आणि मग पाण्याचं कोण बघणार?"

बस. एवढंच. माझ्या सगळ्या इंग्रजीची, त्या मुलाखतीची, त्या पेढ्यांची किंमत एक हौद पाणी! अहो, तुम्ही रिटायर होतात. धडधाकट होतात. मी नसते तरी तुम्ही त्याच खुर्चीवर त्याच नळाजवळ बसणारच होतात. नळ फिरवायला काय पैलवान लागतो? पण तुमच्यापुढं बोलायची प्राज्ञा नव्हती. मी मैत्रिणीला सांगितलं, घरून नाही म्हणतात. ती गेली. तिनं पुढं तिथंच नोकरी केली, लई वर्षं.

तुम्ही का अडवलंत ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. पाण्याचं नव्हतंच ते. तुमचा खेळगडी जात होता. एवढ्या मोठ्या शहरात तुम्हाला पाच अक्षरं खेळायला एकच माणूस होतं, आणि ते फर्दापूरला चाललं होतं. हे तुम्ही बोलून दाखवलं असतंत ना, "सुनंदा, मला करमणार नाही" एवढं जरी म्हणाला असतात, तरी कदाचित मी हसत घरी राहिले असते. नाहीतर दर रविवारी आले असते, फरशीवर डाव मांडला असता. पण तुम्ही पाण्यावर ढकललंत.

मग मीही हट्टाला पेटले. काही दिवस खेळलेच नाही. नंतर तुम्ही खडू माझ्यापुढं सरकवलात, "आज तू शब्द धर," म्हणालात. मी धरला. हॉटेल. एच, ओ, टी, ई, एल. तुम्ही एकेक करत चार घरं भरलीत, पहिलं तेवढं राहिलं. तुम्हाला कळलं. तुमच्या तोंडावरून मला कळलं की तुम्हाला कळलं. आणि तुम्ही खडू खाली ठेवलात. "हरलो बुवा."

त्यानंतर माझी पाळी आली की मी हॉटेलच धरायची. दरवेळी. तन्वी पोटात होती तेव्हा, तन्वी शाळेत जायला लागली तेव्हा, तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी. आणि दरवेळी तुम्ही दारापर्यंत येऊन म्हणायचात, "हरलो." सगळ्या गल्लीला सांगायचात, "आमची सून मला इंग्रजीत हरवते." काय अभिमान! अहो, हरत कसले होतात, तो एक शब्द तोंडातून काढायचा नव्हता तुम्हाला. मीपण काही कमी नाही. तुम्ही एकदा तो शब्द नुसता उच्चारावा म्हणून मी इतकी वर्षं थांबले. माफी राहू द्या. नुसता शब्द.

तोवर शहर आपल्या अंगावर येत गेलं. प्लॉटांवर घरं झाली, घरांवर मजले चढले, मागं अपार्टमेंट उभं राहिलं आणि डोंगर दिसायचा बंद झाला. शहराचं नाव बदललं, नळ मात्र आठवड्यावर गेला. तोही करंगळीएवढा, कारण मागचे सगळे लाईनलाच मोटार लावून पाणी ओढायचे. तुम्ही कायद्याचे. "नळाला मोटार लावणं गुन्हा आहे," म्हणून किती दिवस ताणलंत. शेवटी हौदाचा तळ दिसला तेव्हा स्वतः जाऊन मोटार आणलीत, मान खाली घालून. आणि मग तुमच्याइतका मोटारवाला गल्लीत दुसरा झाला नाही. पाईप फुसफुसला की तुमची आरोळी, "सुनंदा, मोटार! मोटार!" मी आंघोळीत असो, पूजेत असो. दोन मिनिटं उशीर झाला की सगळं पाणी मागच्या अपार्टमेंटला. तुमच्या तोंडी माझ्या नावाच्या पाठीमागं तोच शब्द असायचा.

मग तुम्हाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं, तुमचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावला, नळ ऐकू यावा म्हणून. हेसुद्धा मीच सुचवलं. तुम्ही बघत राहायचात. मी बोलायचे, तुम्ही डोळे मिटायचे. तुमचे चिरंजीव तुमच्याशी लहान लेकराशी बोलावं तसं बोलायला लागले, मला ते बघवायचं नाही.

त्या दुपारी मी तुम्हाला पेज भरवली, तोंड पुसलं. उठणार तोच तुमचा डावा हात चादरीवर हलला. बोटानं एक रेघ ओढलीत. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. पाच झाल्या आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत.

"डाव?" मी विचारलं.

तुम्ही डोळे मिटून उघडलेत.

"शब्द तुमचा?"

परत तसंच. म्हणलं, आज बोलणार हा माणूस. मी तुम्हाला सांगितलं, घरात असेल तर मूठ, दारात असेल तर पंजा, गावाला असेल तर हात गप. आणि मी आपला फाउंड टाकला. एफ? हात गप. ओ? मूठ. अशी आवळलीत की मनगटाच्या शिरा वर आल्या. यू, एन, डी, तिन्ही गावाला. म्हणजे दुसऱ्या घरात ओ, एवढं मिळालं. मी पुढचा शब्द शोधत होते आणि पाईप फुसफुसला. शेजारच्या शबानाआपांनी भिंतीवरून आवाज दिला, "भाभी, नल आ गए!"

"येऊ दे पाणी," मी म्हणाले. "आधी शब्द. नियम तुमचाच आहे."

तुम्ही मूठ सोडलीत आणि बोट दाराकडं केलंत. जा.

"एकच शब्द टाकते, अण्णा."

परत बोट. कपाळाला आठी घालून. जन्मभर माझ्या दुधावर चालवलेला नियम तुम्ही पाण्यासाठी मोडलात. मी गेले. मोटार लावली, हौद भरला, ड्रम भरले, गच्चीवरची टाकी भरली. आले तर तुम्हाला झोप लागली होती. उठवावंसं वाटलं नाही. चहाच्या वेळेला बघते तर तुम्ही नव्हतात.

हे मी तुमच्या चिरंजीवांना सांगितलं, ती चूक झाली. ते ढसाढसा रडले आणि रडता रडता म्हणाले, "सॉरी! अगं, सॉरी म्हणत होते अण्णा तुला. एस, ओ, आर, आर, वाय. दुसरा ओच आहे!" आणि मग ते सुरूच झालं. दहाव्याला, तेराव्याला, येईल त्या पाहुण्याला एकच गोष्ट. वाचा गेली तरी अण्णांनी जाता जाता सुनेची माफी मागितली. बाया माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, "नशीबवान आहेस गं." लासूर स्टेशनचे तुमचे भाऊ म्हणाले, "झालं मोकळं मन." मी भजी तळत होते. झारा कोणाला फेकून मारला नाही हेच खूप. एक अक्षर तुमचं, बाकीची चार चिरंजीवांनी पदरची घातली, आणि त्यात माझी सगळी वर्षं मिटवून टाकली. कोणी मला विचारलं का, की सुनंदा, तुला काय वाटतं?

मला काय वाटतं ते ऐका. मोटर. एम, ओ, टी, ओ, आर. पाणी यायचा दिवस होता, वेळ झाली होती, आणि तुम्हाला काळजी होती ती मोटारीची. दुसरं काय सुचणार तुम्हाला! पाईप वाजल्यावर बोट दाराकडं कसं झटक्यात गेलं ते मी बघितलंय. कोणाचं मन मोडायला नको म्हणून बोलले नाही, इतकंच.

मग तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे गेले आणि तन्वीचा विषय निघाला. आपल्या तन्वीला हैदराबादला नोकरी लागलीये. तुम्हाला पलंगावर सांगितली होती बातमी, तुम्ही डोळे मिटले होतेत. त्याचा अर्थ तुमच्याजवळच राहिला. तुमचे चिरंजीव म्हणाले, "वर्षभर थांबू दे तिला. अण्णा आत्ताच गेलेत. त्यांना आवडलं नसतं. आणि तू एकटी, मी कंपनीत. पाण्याचं कोण बघणार?"

अण्णा, तुमचाच आवाज. तेच शब्द, तीच मान तिरकी. तन्वी माझ्याकडं बघत होती. तिचं तोंड बघून मला पेढ्यांचा पुडा धरून उभी असलेली मी दिसले, आणि माझं डोकं फिरलं.

"अहो, अण्णा सॉरी म्हणाले ना?" मी विचारलं.

"हो. का?"

"कशाबद्दल?"

"आता ते काय..."

"नाय, सांगा ना. आख्ख्या गावाला सांगितलंत. तन्वीला पण सांगा. कशाबद्दल सॉरी?"

ते मग हळूच म्हणाले, "ते फर्दापूरचं."

"काय फर्दापूरचं?"

"तुला जाऊ दिलं नाही ते."

"चुकलं होतं का त्यांचं?"

त्यांनी एकदा तन्वीकडं बघितलं. "चुकलंच होतं," ते म्हणाले.

"मग त्या माणसानं लकवा मारलेल्या हातानं माफी मागितली, असं तुम्हीच म्हणता. आणि ते जाऊन पंधरवडा नाही झाला तर तीच चूक तुम्ही करायला बसलात?"

ते उठून ओट्यावर गेले. बऱ्याच वेळानं आत आले आणि तन्वीला म्हणाले, "तिकीट काढ." बाकी काही नाही. तुमचाच मुलगा.

तर अण्णा, मला खोटा वाटत होता तो शब्द मी सगळ्यांदेखत खरा करून टाकला. पोरीसाठी. आता तो कायमचा तसाच राहणार. तुमच्या नातवंडा-पतवंडांना हीच गोष्ट सांगतील, की अण्णांनी सुनेला सॉरी म्हटलं. फुकटात मोठे झालात. मला ते सोसत नाही, पण तन्वी गेली. परवा सकाळी तिला बसमध्ये बसवून आले. खिडकीतून हात हलवत होती आणि रडत पण होती. म्हणाली, "आई, आता तुझ्याशी डाव कोण खेळणार?" बघा, तिनं तोंडानं विचारलं. इतकं सोपं असतं ते.

आणखी एक आहे. ते मी कोणाला सांगितलेलं नाही, चिरंजीवांना नाही, तन्वीलाही नाही. त्या दुपारी मी हौदाशी उभी होते, मोटार चालू होती, आणि एकदम माझ्या लक्षात आलं की हॉटेलमध्येही दुसरा ओ आहे. मी तशीच पाईप हातात धरून उभी राहिले, पाणी पायावर सांडत. आत पळत यावं, तुम्हाला विचारावं असं वाटलं. पण हौद अर्धाच भरला होता. म्हणलं, भरून घेते, मग विचारते. आता कुठं जाणार आहेत अण्णा!

आज परत पाण्याचा दिवस होता. मी नळाजवळ एकटीच बसले होते, तुमची खुर्ची शेजारी. पाईप वाजला, मी उठले आणि सवयीनं खिडकीकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "लावली हो अण्णा, मोटार लावली." म्हणजे तुम्ही तेच विचारत असाल तर उत्तर मिळालं तुम्हाला. सॉरी म्हणत असाल, तर नाही. अजून नाही. माझा राग अजून संपलेला नाही, आणि संपेपर्यंत तुमचा फोटो माझ्याकडं बघून हसला तरी चालेल. आणि तो तिसरा शब्द असेल, अण्णा, तर तो तोंड होतं तोवर बोलायचा होता.